खाली बसलेल्या सात पट्ट्या

बाबा,

आजची शिकवणी रद्द करू नका. तुमच्या बोटांना काही झालेलं नाही. पियानोवर फूटपट्टी आडवी धरून बघा, मधल्या सात पट्ट्या बाकीच्यांपेक्षा खाली बसल्यात, म्हणून तिथं बोटं अडखळतात. ते माझ्यामुळे झालंय.

सोमवारी चिमीच्या फ्रॉकचं बटण दिसेना. गिळलं की काय, म्हणून माझा जीव टांगणीला लागला. शोधता शोधता मी त्या पट्ट्या उचलून काढल्या. बटण तिथंच सापडलं. पट्ट्यांखाली कागदाच्या बारीक चकत्या होत्या, त्या मी कचरा समजून झाडून टाकल्या. पट्ट्यांची उंची त्या चकत्यांनीच राखली जाते, हे दुरुस्तीवाल्यानं आज फोनवर सांगितलं.

काल तुम्ही म्हणालात, "सूनबाई, हात गेला माझा, आता शिकवणं पुरे." मला तेव्हाच त्या पट्ट्यांची शंका आली, तरी मी खाली मान घालून कपड्यांच्या घड्या घालत राहिले. तोंडावर सांगायला अजूनही धीर होत नाही.

चकत्या आणायला जातेय, चिमी बरोबर आहे. पाचच्या मुलीला परत पाठवू नका. बोलायचं ते मला बोला, हाताला नको.

सूनबाई