व्हिटलोचा पाय आणि माझा चिमटा

४ ऑगस्ट, रविवार
आजपासून रोजनिशी. यंदा आमचा अमेरिकन फुटबॉलचा संघ लँटर्न्स इतिहास घडवणार, आणि नंतर व्हर्न म्हणेल, तू असं बोललाच नव्हतास. पुरावा पाहिजे.

व्हर्न म्हणजे माझ्या बायकोचा, डॉरीनचा भाऊ. आज त्याच्या अंगणात तीन तास वाद. विषय : ट्रेमेन व्हिटलो. वय बावीस. लांबून फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलावा तर त्यानंच. गेल्या मोसमात सतरापैकी सहा सामने खेळला. आधी घोटा, मग बरगडी, मग पुन्हा घोटा. व्हर्न म्हणतो, पोरगं काचेचं आहे, कुणी घेतंय तोवर दुसऱ्या संघाला देऊन टाका. म्हटलं, शहाण्या, दोन घोट्यांवरून माणसाचं भविष्य ठरवतोस?

मला पायातलं कळतं. एकतीस वर्षं गालिचे बसवतोय. गालिचा ताणायचं यंत्र गुडघ्यानं ठोकावं लागतं. गुडघा म्हणजे काय, हे अख्ख्या ईरी शहरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

पैज लागली. व्हिटलो बारा सामने खेळला, तर व्हर्ननं वर्षभर त्याच्या नावाची जर्सी घालायची, चर्चमध्येसुद्धा. नाही खेळला, तर शेगडीवरचा माझा चिमटा व्हर्नचा. आइसबॉक्सच्या झाकणावर मार्करनं लिहून दोघांनी सह्या केल्या.

डॉरीन म्हणाली, चिमटा कशाला लावलास? बायकांना विश्वास म्हणजे काय ते कळत नाही.

८ सप्टेंबर, रविवार. सकाळी ८
पहिला सामना, घरचाच, म्हणजे आमच्या मैदानावर. सामन्याआधी स्टेडियमच्या सात नंबरच्या पार्किंगमध्ये शेगडी पेटवली. चाळीस माणसं, सत्तर सॉसेज, आणि चिमटा माझ्या हातात. इथे चिमटा ज्याच्या हाती त्याचा शब्द चालतो. व्हर्न गॅसची शेगडी आणू म्हणतो. माझ्या हातात चिमटा आहे तोवर कोळसाच.

म्हातारा स्टॅन काठी टेकत आला. शेगडीजवळ उभा राहिला आणि म्हणाला, निखारे एका बाजूला सार, मध्ये जळतंय. माझ्याआधी चिमटा त्याच्याकडे होता. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, घरचे तीन सामने चुकले. तेव्हा नियम मीच मांडला होता : एका मोसमात घरचे तीन सामने चुकले की चिमटा दुसऱ्याकडे. तोही त्याच झाकणावर, माझ्याच अक्षरात आहे. नियम म्हणजे नियम. त्याला भेटायला जायचं मात्र राहून गेलं. मोसम चालू होता.

संध्याकाळी ५
व्हिटलो : सात झेल, एक टचडाउन. व्हर्नला जर्सीचा साइज विचारला. XXL.

१५ सप्टेंबर
सामन्याआधीच्या सरावात व्हिटलोची मांडीमागची शीर ताणली. अजून सामना सुरूही झाला नव्हता. व्हर्नचे फोनवर चार मेसेज, चारही हसण्याचे.

शीर म्हणजे काही नाही. दोन दिवस शेक.

२९ सप्टेंबर
तिसरा सामना चुकला. हे चांगलंच आहे. ताजातवाना राहील. पैजेप्रमाणे पाच चुकले तरी चालतात, म्हणजे दोन शिल्लक.

जिना उतरताना माझा डावा गुडघा कटकट करतो. हवामान. डॉरीन म्हणते, डॉक्टरला दाखव. उद्या फोन करतो.

६ ऑक्टोबर
खेळला! पाच झेल. पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर व्हर्नला म्हटलं, काय रे, काच कुठे आहे? तो म्हणाला, अजून तेरा आठवडे आहेत, थांब जरा. तिकडे सॉसेजची एक रांग जळाली. कोळसा खराब होता.

१६ ऑक्टोबर, बुधवार
डॉक्टरला दाखवलं. डॉरीन फसवून घेऊन गेली, किराणा आणायला चाललोय म्हणाली. डॉक्टर म्हणाला, आतली गादी फाटली आहे, ऑपरेशन करून घ्या, आणि तोवर वळणं, उड्या काही नाही. वय किती असेल त्याचं? तीस! गालिचा कधी बसवलाय का यानं?

ऑपरेशन मोसम संपल्यावर. ठरलं.

१७ ऑक्टोबर
प्रत्येक संघाला बुधवार ते शुक्रवार दुखापतींची यादी जाहीर करावी लागते : कोण 'शंकास्पद', कोण 'बाहेर'. डॉरीननं फ्रिजवर आपली यादी चिकटवली आहे. 'लेस्टर. गुडघा. शंकास्पद.' वर विचारते, तुझा संघ निदान खरं सांगतो, तू कधी सांगणार?

विनोद समजतो मला. कागद काढून टाकला. संध्याकाळी परत लागला.

३ नोव्हेंबर
करंगळी. व्हिटलोचे करंगळीपायी दोन सामने! आज पाचवा चुकला. शिल्लक शून्य. आतापर्यंत तीन खेळला, उरलेले नऊच्या नऊ खेळला तरच बारा होतात.

मी शांत आहे. छातीत धडधडतंय ते कॉफीमुळे.

१० नोव्हेंबर
पार्किंगमध्ये आज दोन तट पडले. एक म्हणतो, असल्या पोराला नवीन करार देणं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी. दुसरा म्हणतो, अरे, बावीसच वर्षांचा आहे, शरीर अजून भरायचंय. मी दुसऱ्या तटाचा पुढारी. चिमटा हलवत म्हटलं, पडलेल्याला असं टाकून देतात का रे, लाज वाटली पाहिजे. स्टॅन माझ्याकडे बघत होता. सॉसेज हवं असेल, म्हणून दोन दिली.

व्हिटलो खेळला. चार झाले.

१७ नोव्हेंबर
परगावचा सामना. खेळला. पाच. दर वेळी तो खाली पडतो तेव्हा मी खुर्चीतून उठतो, आणि उठलो की गुडघा चावतो. आज अकरा वेळा उठलो. डॉरीन मोजत होती.

२४ नोव्हेंबर, रविवार. हॉस्पिटल, दुपारी ३
जसं झालं तसं लिहून ठेवतो, कारण लोक मीठमसाला लावतील.

सकाळपासून बर्फ. व्हर्न सगळ्यांसमोर म्हणाला, व्हिटलो वळणाआधी कचरतो, भ्यायलाय पोरगा. म्हटलं, भ्यायला नाही, वळायची पद्धत बदललीय. आता तो बाहेरच्या पायावर भार देतो. व्हर्न म्हणाला, दाखव. स्टॅन म्हणाला, नको रे, लेस्टर, पाय घसरेल. मी चिमटा स्टॅनच्या हातात दिला. फक्त धरायला.

दोन ट्रकांच्या मधून धावलो. बाहेरच्या पायावर भार दिला. वळलो. व्हर्ननं पावाचं पाकीट फेकलं.

झेललं. हे नोंदवून ठेवतो. झेललं.

मग गुडघा एकीकडे आणि मी दुसरीकडे. चौघांनी उचलून गाडीत घातलं. चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या. मैदानावरून जखमी खेळाडूला नेताना वाजवतात ना, तशाच. त्या टाळ्यांनी मला रडू आलं. दुखण्यामुळे नव्हे.

नर्सला विचारलं, व्हिटलो खेळतोय का? खेळतोय. सहा.

२७ नोव्हेंबर
ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतो, सहा आठवडे पाय टेकायचा नाही. मी चार धरतो. माझी हाडं मूळची चांगली.

८ डिसेंबर
घरचा सामना. पाय उशीवर, मी सोफ्यावर. व्हिटलो खेळला, आठ. माझा एक चुकला. व्हर्नला फोन केला, शेगडी कोण बघतंय? म्हणाला, बघतोय कुणीतरी. मागे लोक खूप हसत होते. माझ्या वेळी एवढं हसत नसत.

२२ डिसेंबर
दहा. पोरगं पेटलंय. बादलीवाले आता त्याच्या नावानं ओरडतात.

माझा घरचा दुसरा चुकला. ५ जानेवारीला काही झालं तरी जाणार. कुबड्यांवर. ठरलं म्हणजे ठरलं.

३ जानेवारी, शुक्रवार
परवा बाराव्या सामन्याचा फैसला, आणि आजच्या यादीत : 'व्हिटलो. घोटा. शंकास्पद.' तोच घोटा. सकाळपासून यादी सहा वेळा उघडून पाहिली.

फ्रिजवर : 'लेस्टर. गुडघा. बाहेर.' आता प्रश्नचिन्हालाही जागा ठेवली नाही या बाईनं.

५ जानेवारी, रविवार. सकाळी १०
कपडे घातले. कुबड्या घेतल्या. अंगणाच्या दुसऱ्या पायरीवर बर्फ होता. पडलो नाही, बसलो. डॉरीननं आत आणलं.

सकाळी ११.३०
आज न खेळणाऱ्यांची यादी आली. दोनदा वाचली, मग डॉरीनकडून मोठ्यानं वाचून घेतली. व्हिटलोचं नाव नाही! तो खेळतोय!

दुपारी ४
बारा! सहा झेल, लंगडत, पण शेवटपर्यंत. जिंकलो! व्हर्नला फोन लावून ओरडलो, जर्सी आण. तो म्हणाला, आणतो, पैज तू जिंकलास. मग म्हणाला, लेस्टर, आज घरचा तिसरा.

मी म्हटलं, कुठला तिसरा? त्यानं झाकण वाचून दाखवलं. माझंच अक्षर.

६ जानेवारी, सोमवार
व्हर्न येऊन गेला. अंगात व्हिटलोची जर्सी. XXLसुद्धा पोटावर ताणलेली. मला मजा वाटायला हवी होती.

काल पार्किंगमध्ये माझ्यावर चर्चा झाली म्हणे. एक तट म्हणाला, अठ्ठावन्न वय, गुडघा गेलेला, पुढच्या मोसमात परत मोडेल, कशाला थांबायचं? दुसरा तट कोण होता, विचारलं. व्हर्ननं जर्सी खाली ओढली. म्हणाला, दुसरा तट म्हणजे एकटा स्टॅन. तो म्हणाला, लेस्टर परत येईपर्यंत चिमटा मी फक्त धरतो. माझ्या हातात दिला तेव्हा त्यानं तेवढंच सांगितलं होतं.

तर सगळे म्हणाले, नियम म्हणजे नियम, चिमटा आता स्टॅनचा.

संध्याकाळी ६
स्टॅन आला. काठी, बर्फ, तीन पायऱ्या, आणि हातात चांदीच्या कागदात गुंडाळलेली सॉसेज. त्याच्या खुब्याच्या वेळी त्याच्या दाराला किती पायऱ्या होत्या, मला माहीत नाही. मी गेलोच नव्हतो. हे त्याला सांगायचं ठरवलं होतं. त्यानं विचारलं, गुडघा कसा आहे? मी म्हटलं, उत्तम.

सॉसेज जरा कमी भाजलेली होती. मध्ये जळलेली नव्हती, एवढंच. चार खाल्ली.