रोमची दोन तिकिटं

६ फेब्रुवारी १९७७, सांगली
विमान कंपनीचं उत्तर आलं. मुंबई ते रोम, जाऊन-येऊन, आईचं आणि माझं भाडं. आकडा वाचला आणि पत्र पुन्हा पाकिटात घातलं. शाळामास्तरणीनं विमानाचं भाडं विचारावं हाच मुळात विनोद. बाबा इटलीच्या लढाईत गेले तेव्हा मी पाळण्यात होते. त्यांना मात्र सरकारनं फुकट नेलं. परत आणायची जबाबदारी कुणाची नव्हती.
रोमहून आगगाडीनं अर्ध्या दिवसावर लष्कराचं स्मारक आहे. दगडावर त्यांचं नाव आहे म्हणतात. आईला तेवढंच बघायचं आहे.

२० फेब्रुवारी
गणपती पेठेतल्या देशिंगकरांकडे गेले. तिकिटांचा धंदा नवाच. भिंतीवर विमानाचं कॅलेंडर, खाली टेबलावर एसटीचं वेळापत्रक. म्हणाले, "बाई, एकट्यादुकट्याला स्वस्त काय मिळत नाही. कुठल्यातरी संघाबरोबर जावा. संघाला निम्मं भाडं पडतं." मग संघ शोधा म्हटलं. हसले. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

११ मार्च
सापडला! हळद व्यापाऱ्यांचा संघ मे महिन्यात रोमला निघालाय, पाच दिवस. 'अभ्यास दौरा' म्हणे. रोममध्ये हळदीचा अभ्यास! त्यातले दोघं गळले, जागा रिकाम्या. अट एकच, जाणारा संघाचा सभासद हवा. देशिंगकरांनी संघाचे प्रमुख बाबूशेठ यांना गाठून आईला आणि मला सभासद करायचं कबूल करून घेतलं. पासपोर्ट आम्ही दिवाळीतच काढलेत, तेव्हा लोक वेड्यात काढत होते.
आज मला झोप येणार नाही.

२७ मार्च, गावी
आईला सांगितलं, ती आता हळदीची व्यापारी झाली. म्हणाली, "अगं म्या जल्मात हळद इकली न्हाई. निस्ती अंगाला लावली, ती बी येकदाच." मग दोघी हसलो.
तेवढ्यात आप्पा आले. बाबांचे धाकटे भाऊ, सुभेदार म्हणून रिटायर झाले, तरी अजून घरात परेड घेतात. "दोन बायका परदेशी? कोन बगनार तुमास्नी? पोरीनं ऱ्हावं मागं. वैनींसंगं म्या जातो. भाऊ हुता माजा." भाऊबंद सगळे माना डोलावत बसले. मी म्हटलं, जागा मी शोधली. तर म्हणतात, "मग आमी कुटं न्हाई म्हन्तोय? शाब्बास, शाले!"
आई चहा टाकायला उठली. तिचं असं उठून जाणं मला कधीच आवडलं नाही. आज तर फारच लागलं.

१५ एप्रिल, सांगली
यादी मुंबईला गेली. माझ्या जागी आप्पांचं नाव. देशिंगकर म्हणाले, आता यादीत बदल नाही, एखादा गळला तर जागा बुडाली. माजी सैनिक म्हणून आप्पांचा पासपोर्ट झटक्यात आला. आमचा यायला पोलिसांनी चार वेळा चहा प्यायला होता.
राग पोटात ठेवलाय. आई जातेय ना. बस्स.

१६ मे, गावी
सुट्टी लागून पंधरवडा झाला, पण शाळेच्या कामानं आजच गावी येता आलं. उद्या दोघं निघणार. उद्या अमावास्या, म्हणून आप्पांनी गेल्या गुरुवारीच मुहूर्तावर प्रस्थान ठेवून घेतलं. म्हणजे जाणाऱ्याची एखादी वस्तू चांगल्या दिवशी शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. माणूस निघाला असं धरायचं, मग खरा कधीही निघो. जाताना ती उचलायची, पण परत आपल्या घरात आणायची नाही. आईचं गाठोडं पलीकडच्या तानूकाकीकडे आहे. आप्पांनी स्वतःची जुनी टोपी ठेवलीय.
आईनं नवं लुगडं तीनदा घडी करून ठेवलं.

१७ मे
काय लिहू.
सकाळी जीप दारात. मी आईला म्हटलं, पासपोर्ट दे, वरच्या कप्प्यात ठेवते. तर म्हणाली, "तो प्रस्थानात हाय न्हवं." का ठेवलास? "आप्पा म्हनले, खरी वस्तू ठेवावी. त्यात माजा फोटू हाय. म्हंजी मीच गेले की."
तानूकाकीच्या दाराला कुलूप. फलटणला लेकीला कळा लागल्या म्हणून पहाटेच्या गाडीनं गेली, गडबडीत गाठोड्याची आठवण कुठली राहायला. फलटणला जाऊन किल्ली आणेपर्यंत मुंबईचं विमान थांबत नाही.
मी पहार घेतली. आप्पाही म्हणाले, फोड. आईच आडवी आली. "त्या बाईचं दानं, लेकीचं सोनं हाय आत. दुसऱ्याच्या दाराचं कुलूप फोडून तुज्या बापाम्होरं उबी ऱ्हाऊ व्हय?" पहार माझ्या हातातून काढून घेतली. तिच्या हातात एवढं बळ आहे हे मला माहीत नव्हतं.
जीपवाला हॉर्न वाजवायला लागला. आप्पांचा पासपोर्ट आप्पांच्या खिशात. टोपीवाचून त्यांचं काही अडलं नाही. "म्या तरी जाऊन येतो वैनी," म्हणाले आणि बसले.
आईनं त्यांच्या हातावर दही घातलं. मी घातलं नसतं.

१८ मे
तानूकाकी आली. नातू झाला. हकीकत कळल्यावर आईच्या पायावर पडून रडली. आईच तिची समजूत काढत होती. पासपोर्टाला कापराचा वास येतोय.

२६ मे
आप्पा आले. अख्खी आळी जमली. सांगत होते, स्मारकापाशी केवढी शांतता, कशी सुरूची उंच झाडं, कसा पांढरा दगड, त्यावर भावाचं नाव. "बोट फिरवलं वैनी अक्षरांवरनं. तुमच्या नावानं फुलं व्हायली."
आई रडली. बाबा गेल्याची तार आली तेव्हा रडली नव्हती, असं सगळे सांगतात. "मेल्यालं कुनी बगितलंय," म्हणत तेहेतीस वर्षं तिनं वाट बघितली, हे मला आज कळलं. हमसून हमसून रडली, मग जेवली, मग गाढ झोपली.
आप्पांना मी मनातल्या मनात माफ केलं.

१६ जून, सांगली
शाळा सुटल्यावर बाजारात बाबूशेठ भेटले. "तुमचं आप्पा म्हंजी लय रंगतदार मानूस! पाची दिवस आमच्या संगं, येक घटका सोडलं न्हाई."
पाची दिवस? स्मारकाला कधी गेले मग?
"कसलं स्मारक?"
पिशवीतली वांगी तिथंच टाकून आले बहुतेक. घरी आल्यावर पिशवी रिकामी होती.

१९ जून, गावी
मळ्यात आप्पांना एकटं गाठलं. आधी गुरकावले. मग बांधावर बसले. "न्हाई गेलो. ठेसनात गेलो हुतो येक डाव. गाडी लागली, म्होरनं गेली. पाय उचललं न्हाईत, शाले. त्याला मीच भरतीला नेलता. सोळा वर्साचा मी, मला घ्येतलं न्हाई, त्याला घ्येतला." मग म्हणाले, "वैनीस्नी सांगू नगंस. झोपत्यात आता त्या."
मला त्यांचा गळा धरावासा वाटला. रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. माझी जागा घेतलीत, निदान चढायचं तरी होतं गाडीत, एवढंच म्हणाले.
आई परसात आपलाच नातू असल्यासारखी तानूकाकीच्या नातवाची झबली शिवत होती, गुणगुणत. तिला गुणगुणताना मी कधी ऐकलं नव्हतं.

३ जुलै, सांगली
देशिंगकरांचा निरोप. डिसेंबरात दुसरा संघ, रोमच. दोन जागा, भाडं आणखी उतरलंय, थंडीत तिकडं कोण जातंय? नावं शनिवारपर्यंत द्या म्हणाले.
सांगायचं तर आईची झोप जाणार. न सांगावं तर तिनं तो दगड कधीच बघायचा नाही. आप्पांचा दगड खोटा, पण झोप खरी आहे.

८ जुलै, शुक्रवार, गावी
रजा टाकून आले. रस्ताभर वाक्यं जुळवली. आईसमोर बसले आणि एवढंच निघालं, आई, परत जागा आहेत. येतेस?
"आता कशाला? माजं झालं की. आप्पांनी फुलं व्हायली." चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "तू जा. तुला न्हाई व्हय बगायचा बाप? आन् येकटी जाऊ नगं. आप्पास्नी ने संगं. त्यास्नी वाट ठावं हाय."
आप्पा दारातच होते. ऐकलं त्यांनी. माझ्याकडे बघत राहिले, मी काय बोलते म्हणून.
मी आईला म्हटलं, बघू.
उद्या दोन नावं द्यायची आहेत. एक माझं आहे.