भिंतीवरचा समुद्र

प्रिय उत्तम,

'आऽऽ...'

तो आवाज आठवतो का रे तुला? राणीसावरगावला आपण शिकवायचो त्या शाळेची कोपऱ्यातली खोली, खिडक्यांना घोंगड्या लावून केलेला अंधार, आणि भिंतीवर पडदा म्हणून टांगलेल्या धोतरावर समुद्र उमटला की सगळ्या पोरांच्या तोंडून एकदम निघणारा तो आवाज. तू तो आतून ऐकायचास. मी बाहेरून, उन्हात. आज सकाळी दात घासताना तो मला पुन्हा ऐकू आला, आणि मी हातात ब्रश धरून किती वेळ तसाच उभा होतो कोण जाणे.

लिहायला बसलो त्याचं कारण सांगतो. उद्या शाळेतून माणूस येणार आहे, तुझी ती सिनेमाची पेटी न्यायला. तू गेल्यावर वहिनींनी ती तुझ्या पुतण्याबरोबर माझ्याकडे पाठवून दिली. आताच्या मुख्याध्यापिका बाई चांगल्या आहेत. वर्गात भिंतीएवढा टीव्ही आलाय, पोरं त्यावर ज्वालामुखीसुद्धा बघतात. तुझी पेटी त्या काचेच्या कपाटात ठेवणार, खाली तुझं नाव लिहिणार. मी हो म्हणालो. कपाटाला कुलूप असणार, हे घरी आल्यावर डोक्यात आलं. म्हणजे पेटीत ऊन घालायचं तर आजच.

खरं सांगू? मला अजून रडू आलेलं नाही. तुझ्या पुण्यानुमोदनाला सोनपेठला आलो होतो. बुद्धवंदना झाली, आणि कुणीतरी म्हणालं, सर, दोन शब्द बोला, एखादी कविता म्हणा. मी उभा राहिलो. एक ओळ आठवली नाही! पाचवी ते दहावीची सगळी पुस्तकं ज्याच्या जिभेवर, तो मी! तुझ्या फोटोकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, सरांना गहिवरून आलं. काही आलं नव्हतं. आत नुसतं रिकामं होतं, उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या वर्गासारखं. नंतर जेवलो. भात जरा कच्चा होता, एवढं लक्षात राहिलं.

या सगळ्याला सुरुवात माझ्याच तासाला झाली होती, नाही का? मी समुद्राची कविता शिकवत होतो. पोरांना समुद्र ठाऊक नव्हता. मी म्हणालो, गोदावरीला पूर येतो ना, तसा, फक्त पलीकडचा काठ नसलेला. मागून एक पोरगी म्हणाली, "काठ न्हाई तर मंग थांबतंय कशाला ते पानी?" मी पुढची ओळ म्हणायला घेतली. तू दारातून जात होतास. थांबलास, हसलास आणि गेलास.

मग जत्रेत आलेल्या तंबूतल्या सिनेमाच्या ऑपरेटरशी तू दोस्ती केलीस. तुटलेल्या फिल्मचे तुकडे खिसा भरून आणलेस. नायिकेचा अर्धा चेहरा, टांग्याचं चाक, कुणाची तरी मारामारी, आणि त्यात तो समुद्राचा एक तुकडा. गेलेल्या बल्बचं पोट खिळ्याने साफ करून त्यात पाणी भरलंस, तोंड मेणाने बंद केलंस. मी म्हणालो, शाळेसाठी खरं भिंग मागवू या. तू म्हणालास, "अर्ज करू. ते येईस्तोवर ही पोरं बाप झालेली असतील."

शाळेत वीज कुठे होती? म्हणून दिव्याच्या जागी सूर्य. अंगणात कुणीतरी आरसा धरायचा, खिडकीतल्या भोकातून ऊन पेटीत सोडायचं, पेटीपुढे फिल्म, फिल्मपुढे तो पाण्याचा बल्ब. आणि ऊन सरकतं, म्हणून आरसाही केसाएवढा सरकवत राहायचा. पोरांचे हात हलायचे. तू म्हणालास, "कविराज, तुझा हात स्थिर आहे आणि आवाज मोठा. दोन्ही बाहेरचीच कामं." तेव्हापासून मी बाहेर. हातात आरसा, तोंडात कविता.

पहिल्या दिवशी आतून 'आऽऽ' नाही, नुसता हशा आला होता. तू घाम पुसत बाहेर आलास. "समुद्र वर लटकलाय, कविराज. आभाळ खाली पडलंय." भिंग चित्र उलटं करतं हे आठवी-नववीला शिकवणारा तू, आणि फिल्म सरळ घातलीस!

आरसा वहिनींचा होता. माहेरून आलेला. तो तू शाळेत नेलास आणि त्या मला भेटल्या की ऐकवायच्या, "भाऊजी, माझ्या आरशात तुमची शाळा तोंड बघती, आन् मी भांग पाडते ताटलीत."

पण उत्तम, एक गोष्ट तुला विचारायची राहूनच गेली. मी तो समुद्र कधीच पाहिला नाही, हे तुझ्या कधी लक्षात आलं का रे? दरवेळी तू म्हणायचास, पुढच्या वेळी तू आत ये. पुढच्या वेळी ढग आले. मग परीक्षा आल्या. मग तुझी बदली झाली आणि पेटी तुझ्या माळ्यावर गेली. एवढा हुशार माणूस तू! समुद्र कसा असतो ते मी सगळ्या गावाला सांगितलं, खिडकीकडे तोंड करून.

खरा समुद्र नंतर बघितला. मुलाने नेलं होतं. मोठा होता. पण तोंडून 'आऽऽ' काही निघाला नाही.

आज सकाळी पेटी काढली. बल्बमध्ये नवं पाणी भरलं, आतल्या खोलीत धोतर टांगलं. आरसा पेटीबरोबर आलाच नव्हता. गेल्या आठवड्यात वहिनींना फोन करून पेटी शाळेत कधी जाणार ते सांगितलं आणि आरशाचं विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "त्या पेटीचं नाव नका काढू माझ्यापुढं. तिच्यापायी माणूस कधी घरात दिसला न्हाई." आणि फोन ठेवला. तू गेल्यापासून त्या उंबऱ्याबाहेर पडत नाहीत, असं पुतण्या सांगत होता.

म्हणून दाढीचा आरसा विटेला टेकवून अंगणात ठेवला. आत येईपर्यंत ऊन भोकावरून उतरलेलं. बाहेर जाऊन सारखा केला, आत आलो, तर कवडसा कपाटावर. किती खेपा घातल्या असतील! शेजारची सून भिंतीवरून म्हणाली, "काय करायलात काका?" म्हटलं, समुद्र बघायलोय. ती म्हणाली, "ऊन लय हाय, बसा जरा." बसलो. आणि हे लिहायला घेतलं.

एक माणूस कमी पडतो रे. तेवढंच. तू गेलास म्हणजे काय झालं, हे मला त्या विटेपाशी उभं असताना कळलं. तरी डोळे कोरडेच.

तर ऐक. माझा तुला शब्द आहे. उद्या पेटी देताना बाईंना सांगणार, कपाटाला कुलूप नको. वर्षातून एकदा तरी पेटी उन्हात यायला पाहिजे. अंगणात मी उभा राहीन, कविता आठवली तर म्हणेन, नाही आठवली तर गप्प उभा राहीन. फक्त एक अट घालणार. जो आरसा धरेल, त्याला त्याच दिवशी एकदा आत बसवायचं. 'पुढच्या वेळी' चालणार नाही.

थांब. कडी वाजतेय.

उत्तम, वहिनी आल्यात! एकट्या. सोनपेठहून गंगाखेड, तिथून दुसरी एसटी. काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी. पाणीसुद्धा घेतलं नाही. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "ऊन जाईल, भाऊजी. आरसा मी धरते, तुमी आत बसा. मंग मी बसते, तुमी धरा. मी तरी कुठं बघितलाय त्यांचा समुद्र."

आता त्या अंगणात उभ्या आहेत, पदर डोक्यावर घेऊन. उजेडाचा एक तुकडा भिंतीवरून चाचपडत येतोय, माझ्या या कागदावरून गेला आत्ता.

उठतो. फिल्म उलटी घालायची. लक्षात आहे.

तुझा कविराज,
दिगंबर