पंधरावी सही

सोलापूर,
रविवार, २० जून १९७१

ती. अक्कास,
चंद्रव्वाचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहेत. अव्वाचा गुडघा कुरकुरतो, पण त्याहून जास्त ती स्वतःच कुरकुरते, म्हणजे काळजीचं कारण नाही. अप्पांचं भुसार दुकान नेहमीसारखं चाललंय. बाळाला दात आले का? तुझ्या सासूबाईंचा खोकला कसा आहे? नातेपुत्याला पाऊस झाला का? झालं, सगळं विचारून झालं. आता बातमी ऐक. आमच्या शाळेत नववीला बीजगणित-भूमितीचा वर्ग निघाला आणि त्यात मी आहे!

तुझ्या वेळी तो वर्ग सहा मुलींवर कसाबसा चालायचा. पुढे मुलीच मिळेनात म्हणून बंद पडला. यंदा शाळा उघडल्या दिवशीच गणिताच्या विजयमालाबाई वर्गावर आल्या आणि म्हणाल्या, शनिवारी शाळा सुटेपर्यंत पंधरा मुलींची नावं पालकांच्या सह्यांसकट आली तर वर्ग काढू, नाहीतर सगळ्यांना गृहशास्त्र आणि सोपं गणित. मी सगळ्यांत आधी हात वर केला. मागे वळून पाहिलं तर दुसरा हातच नव्हता. सगळ्या खी खी हसायला लागल्या. मग मलाही चेव आला.

शाळा सुटली की कागद घेऊन मी दारोदार. देवीच्या नावानं जोगवा मागत हिंडावं तशी हिंडले म्हण. रशीदाच्या अम्मींना वाटलं, भूमिती शिकली की पोरीला उन्हात शेतं मोजायला जावं लागतं. त्यांची समजूत घालता घालता दोन कप चहा झाला. साखर पेठेतल्या एका मुलीचे वडील मागावर बसले होते. त्या खडखडाटात त्यांना काही ऐकू येईना, मला तेलुगू येईना. शेवटी त्यांनी माग थांबवला, कागद पाहिला आणि माझ्याकडेच बघत सही केली. मी इतकी ओरडत होते की त्यांना माझी दया आली असावी. हिंदुरावकाकांनी तर माझी परीक्षाच घेतली. बीजगणितानं पोरींचा काय फायदा, सांग म्हणाले. मी म्हटलं, काका, ते शिकल्यावरच कळेल. ते हसले आणि त्यांनी सही दिली.

शुक्रवारी चौदा नावं झाली. विजयमालाबाईंनी बोटानं मोजली आणि विचारलं, "आणि तुझ्या घरची सही गं?" उद्या आणते, म्हटलं.

अक्का, चौदा घरी मी तोंड वर करून बोलले, पण आपल्या घरी तो विषय काढायला जीभच रेटत नव्हती. रोज रात्री जेवताना आता विचारू, मग विचारू करायची आणि ताक पिऊन उठायची. का ते तुला सांगायला नको.

शनिवारी सकाळी मात्र इलाज नव्हता. अप्पा दुकानात एकटेच होते, तुरी चाळत. मी कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. अप्पा मराठी किती सावकाश वाचतात ते तुला माहीत आहे. एकेका नावावर बोट ठेवून त्यांनी सगळी यादी वाचली. मग म्हणाले, "ह्या चौदा घरी गेलतीस. आन आपल्या घरी आज आलीस व्हय?"

मी म्हटलं, भीती वाटली.

"कशाची?"

मी म्हटलं, अक्काची.

त्यांना ते बरोबर कळलं. चाळून झालेल्या तुरी त्यांनी पुन्हा चाळल्या. मग खाली बघूनच म्हणाले, "तिनं असल्याच कागदावर माझी सही केली म्हणून चिडलो. लई चिडलो. इचारलं असतं तर दिली असती का, ते आजबी मला सांगता येत न्हाय. पन शाळा बंद करायला नको हुती तिची."

हे त्यांच्याच तोंडचे शब्द आहेत, मी एकही पदरचा घातलेला नाही. मग त्यांनी कानडीत सही केली, ओळ सोडून वरखाली, भली मोठी. शाळेत ती कुणाला वाचता येईना. शेवटी कारकून विरुपाक्षमामांनी मोठ्यानं वाचून दाखवली आणि बाईंनी पंधराच्या आकड्याभोवती लाल गोल काढला. मी व्हरांड्यातून उड्या मारत गेले, एक चप्पल तुटली.

चप्पल हातात घेऊन निघाले तर फाटकाशी विरुपाक्षमामांनी हाक मारली. म्हणाले, "तुझी अक्का बरी हाय न्हवं? लग्नात माझ्याशी बोलली न्हाय. काय चुकलं माझं, कळंना."

काल दुपारपासून हे माझ्या डोक्यातून जात नाही. चार वर्षं तू समजतेस की तू केलेली खोटी सही मामांनी ओळखली आणि अप्पांना सांगितलं. अक्का, मामांनी नाही सांगितलं. मी सांगितलं.

तू माळ्यावर बसून पाटीवर अप्पांची कानडी सही गिरवत होतीस, ते मी जिन्यातून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तू मला तुझ्या नव्या कंपासपेटीला हात लावू दिला नाहीस. मी अप्पांचा डबा घेऊन दुकानात गेले आणि म्हटलं, अक्काला तुमची सही हुबेहूब येते. एवढंच. दहा वर्षांची होते, कळत नव्हतं, असं म्हणता येईल. पण मला कळत होतं. तुला ओरडा बसावा असं मला वाटत होतं. तुझी शाळा जाईल असं मात्र वाटलं नव्हतं. तू रडत होतीस तेव्हा मी तुझ्याशेजारी झोपले होते आणि झोपेचं सोंग घेतलं होतं. त्यानंतर कितीदा सांगायला गेले आणि भ्याले. आता तू मला काय म्हणशील ते म्हण. फक्त मामांवरचा राग सोड.

सोबत एक छापील अर्ज आहे. मॅट्रिकला बाहेरून बसायचा. मी बाईंना नाव न सांगता विचारलं, आठवी पास झालेली, घरी बसून शिकणारी बाई बसू शकते का? बसू शकते म्हणाल्या, दोनतीन वर्षं नीट अभ्यास केला तर. विषयांच्या रकान्यात मी बीजगणित-भूमिती लिहिलंय, पण पेन्सिलीनं. नको असेल तर खोडून टाक. हवं असेल तर मी इथे शिकेन ते दर आठवड्याला तुला लिहून पाठवीन, उदाहरणांसकट. मला त्यातलं काही अडलं तर तुलाच विचारीन, कारण तुला ते माझ्याहून लवकर कळेल.

तू आता सज्ञान आहेस. या अर्जावर पालकाची सही लागत नाही, तुझी लागते. अर्ज पाठवल्याचं मी अप्पांना, अव्वाला, दाजींना, कुणालाही सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही, ते तू ठरव.

रागावलीस तरी तुझीच,
चंद्रव्वा