मोहाखालचे ठिपके

१२ फेब्रु., भद्रावती
गडचिरोलीहून फोन. सुरक्षेच्या कामातल्या कोणी मॅडम. "तुमच्या विज्ञानकथा वाचल्या, सर. आम्हाला कल्पना करणारी माणसं हवीत." मले वाटलं राँग नंबर. वीस वर्षं दिवाळी अंकात लिहिलं, शेजाऱ्यानं कधी वाचलं नाई. बायकोच्या, रेहानाच्या फोटोले सांगितलं. ती गेल्यापासून बातमी सांगाले घरात दुसरं आहे कोण?

२० फेब्रु.
बैठक. चार लेखक, सहा साहेब, काजूच्या प्लेटा. प्रश्न: ड्रोनले फक्त उष्णता दिसते, तर जंगलात लपलेली टोळी ओळखायची कशी? मी जोशात बोललो. पहाटे झाडांखाली बारके उष्ण ठिपके, भोवती वाकलेली माणसं, मग ठिपके विझतात: असं दिसलं की समजा टोळी. टाळ्या! बापरे, मले टाळ्या! येताना बसमधी एकटाच हसत होतो.

५ मार्च
अहवाल आला. माझं वाक्य जसंच्या तसं, नियम म्हणून. खाली माझं नाव. दहादा वाचलं. लालसू आला की दाखवीन. मी मुलचेऱ्याकडच्या शाळेवर मास्तर होतो तवापासूनचा दोस्त. महिन्यातून एकदा माझं दार वाजवणारा तोच एक.

२८ मार्च
ला. आला नाई. फोन बंद. दोन कप मांडले होते, एक परत ठेवला.

२ एप्रिल
फोन लागला. त्याची बायको, सोमीबाई. "मोह वेचाले गेलो गुरुजी, झाडाखालचा पाला जाळला, त बंदूकवाले आले. आमच्या ह्यायले तीन दिवस ठाण्यात बसवलं. आता भेवानं कोणी झाडाखाली जात नाई. फुलं सडून राह्यली."
"काऊन आले म्हणे?"
"मशीनले ठिपके दिसले म्हणे."
पाला जाळून जागा साफ करायची, मग फुलं वेचायची. चौदा वर्षं डोळ्यानं पाह्यलं. मोहाच्या दिवसांत शाळा रिकामी, हजेरीत गैरहजर न लिहिता मी 'मो' लिहीत होतो. अन् त्या बैठकीत मलेच आठवलं नाई. लोकं हरभऱ्याच्या झाडावर चढवतात, मी आपण होऊन चढलो. लाज वाटते.

३ एप्रिल
मॅडमले फोन. ते वाक्य काढा.
"सर, तुम्हीच तर सुचवलंत. लेखी द्या, पुढच्या बैठकीत बघू."
बैठक पावसाळ्यानंतर. मोह तवर राहते का? तरी लेखी दिलं. रोज पुन्हा फोन करीन.

९ एप्रिल
मुलचेऱ्याले उतरून ला.च्या गावी गेलो. अंगणात बसला होता, उठला नाई. सांगून टाकलं, ते वाक्य माझं.
त्यानं मान वर करून माझ्याकडे पाह्यलं. मग म्हणे, "तुमी त आमच्यासंग मोह वेचला ना, गुरुजी?"
हो म्हटलं. रडू आलं. सोमीबाईनं चहा दिला, ला. वावराकडे पाहत राह्यला.
निघालो तर मागून म्हणे, "पुढची गोष्ट लिहान त पयले मले येऊन सांगजा. म्हंजे कुठी जायाचं नाई, ते गावाले समजन."
राग होता का चेष्टा, घरी आलो तरी समजलं नाई. पण येऊन सांगजा म्हणे. एवढं नीट ऐकलं मी.