माझ्या मापाच्या बांगड्या

श्रीवर्धन,
कार्तिक शुद्ध दशमी, सन १९३५

प्रिय कमळ,

तुझं कार्ड मिळालं. आई गेली, आता तुझं कोण करणार, मी येऊन राहू का, एवढंच त्यात आहे. कार्ड तुमच्या घरात सगळ्यांच्या हातून फिरतं. म्हणून हे पाकीट, आणि हे मोठं अक्षर, म्हणजे तू एकेक अक्षर लावून स्वतः वाचशील, कुणाकडून वाचून घ्यायला नको. तुझे यजमान गेल्यापासून त्या घरात तुझे दिवस कसे चालले आहेत ते तुमच्या गावची गोदूबाई इथे बाजाराला येते तेव्हा सांगते. दिरांनी तुला काशीला नेऊन ठेवायचं ठरवलंय, हेही तिच्याकडूनच कळलं. 'माझे फार हाल आहेत, ये' असं मी लिहिलं असतं तर त्यांनी पुण्य म्हणून तुला माझ्याकडे धाडलं असतं. तसं लिहिलंही, आणि फाडलं. का फाडलं ते सांगायचं तर मागं जावं लागेल.

भागोजी आपल्या वाडीत सुपाऱ्या पाडायला यायचा ते तुला आठवत असेल. एका पोफळीचे घड उतरवले की खाली न येता तो शेंडा झुलवायचा आणि शेजारच्या पोफळीला हात घालायचा. मला वाटलं, त्यात काय आहे! आणि एक दिवस मीही चढले. त्याच्या वजनाने पोफळ वाकायची. नऊ वर्षांच्या पोरीला ती कुठून वाकणार? मी अर्ध्यातच हात सोडला. कमरेखालचं अंग त्या दिवशी गेलं.

माझं लग्न महिन्यावर आलं होतं. म्हसळ्याची मंडळी मुहूर्त मोडायला तयार नव्हती, आणि माझ्यासाठी घातलेल्या मांडवात तुला उभं केलं. मी माजघरात पडून मंगलाष्टकं ऐकली. जाताना तू मला भेटायला आलीस तेव्हा माझ्या मापाच्या बांगड्या तुझ्या हातांतून गळत होत्या. तू मुठी आवळून त्या सांभाळत होतीस आणि रडत होतीस. बहिणीसाठी रडते, असं सगळे म्हणाले. तू कशासाठी रडत होतीस ते मी तुला आजवर विचारलं नाही.

मला आता कुणी नेणार नाही, हे आई दिवसातून दोनदा तरी म्हणायची. एकदा अण्णा जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "न्यायचं नाही ना कुणी? मग शिकू दे तिला." झालं, एवढंच. पाटीपासून सुरुवात झाली. सदा सुताराने पाटाला चाकं लावून दिली आणि मग माझ्या ध्यानात आलं की आपल्या घरात दळणं, चिरणं, चूल, जेवण, लिहिणं, सगळं जमिनीवर बसूनच तर चालतं. उभं राहणाऱ्यांनाच वाकावं लागतं.

पुण्याला कॉलेजात निघाले तो दिवस तू पाहिला नाहीस. बंदरावर गाव लोटला होता, लुळी पोरगी आगबोटीपर्यंत जाते कशी ते बघायला. तुला ठाऊकच आहे, ओहोटीला मचवा काठाला लागत नाही. चिखलातून सगळ्या उतारूंना खलाशी खांद्यावर घेऊन जातात. येसाजीने मला उचललं तेव्हा आमच्या पुढे मामलेदारसाहेब दुसऱ्या खलाशाच्या मानेला मिठी मारून, पाय वर घेऊन चालले होते. येसाजी मला म्हणाला, "बाय, तुजा बरा हाय. ते बग, सायबाला बसता पण येत न्हाय." मी इतकी हसले की अण्णांना काठावर ऐकू गेलं. पडल्यानंतरचं ते माझं पहिलं हसणं, आणि त्यानंतर मला उचलून घेण्याची लाज वाटली नाही.

परत आले तेव्हा ओटीवर मुलींची शाळा काढली. पहिले कितीतरी दिवस येत होती ती एकटी कोळ्यांची केसर, तीही धाकट्या भावाला काखोटीला मारून. यंदा आपल्या ओटीवरच्या मुली व्हर्नाक्युलर फायनल पास झाल्या, आणि केसर त्यांना गणित शिकवत होती! माझ्या पाटाची चाकं ढकलून ढकलून मनगटं अशी झाली आहेत की माझ्या मापाच्या त्या बांगड्या आता माझ्याच हातात चढायच्या नाहीत.

म्हणून ते पत्र फाडलं. माझे हाल नाहीत, कमळ. मी सुखात आहे, आणि खोटं लिहून तुला आणलं तर ते सुख मी नाकारलं असं होईल. पण एक प्रश्न सुटत नाही. मी पडले नसते तर त्या मांडवात मी असते, आणि पाटी कदाचित तुझ्या हातात आली असती. हे सगळं तुझ्या वाटणीचं तर मी जगले नाही? अण्णा असते तर म्हणाले असते, मनूला फार विचार करायची खोड आहे. असेल. पण विचार करून मी एवढं ठरवलंय की तू माझं करायला यायचं नाहीस. तू राहायला यायचंस.

आणि दिरांची परवानगी मागत बसू नकोस. पौर्णिमा झाली की मंगळवारी मी तुला न्यायला येते आहे. येसाजीने बैलांची दमणी सांगून ठेवली आहे. घाटी चढायला बैल दमले तर थांबू, पण दुपारच्या आत तुमच्या दारात असू. तुमच्या अंगणात म्हसळ्याची निम्मी माणसं जमतील, जमू देत, लोकांनी टक लावून बघायची मला सवय आहे. मला उतरवायला कुणाला हाक मारू नकोस. मी गाडीतच बसून राहीन. तुझं बोचकं घे, आणि सगळ्यांच्या देखत तुझ्या पायांनी चालत ये. मी हात देईन. हात माझे भक्कम आहेत.

निघालेली,
तुझीच,
मनूताई