दसऱ्याला पुजलेली रायफल

राजुरी, १० जून

ती. अमृतमामास शि. सा. न. वि. वि.

मढला रेंज नाही म्हणून पत्र, नाहीतर फोनवरच तुमचं डोकं खाल्लं असतं. लायसन्स आलं! पुण्यात दोन जुन्या पॉइंट टू-टू रायफली परवडण्यासारख्या आहेत. एकीचा लाकडी दस्ता झकपक, पण नळी झिजलेली. दुसरीची नळी चांगली, दस्ता मात्र ओबडधोबड, गालाला लागतच नाही. कुठली घेऊ?

आई म्हणते, मी त्या वस्तूला हातही लावणार नाही. नोव्हेंबरात राज्याच्या नेमबाजी संघात नाव आलं नाही तर रायफल विकायची, ही तिची अट. मी कबूल केलीय. लोभ आहेच, उत्तरही लवकर द्या.

भाची आरोही

मढ, १६ जून

चि. आरोहीस अनेक आशीर्वाद.

बैल घेताना झूल बघतात का? चांगल्या नळीची घे. सुताराच्या भाचीला दस्त्याची कसली काळजी! लायसन्ससकट रायफल घेऊन ये, गालाच्या मापाचा सागाचा उंचवटा बसवून देतो. नळी लाकडाला टेकली की नेम फिरतो असं तुझे सर म्हणतात ना, मग मधे फटही ठेवतो. ताईचं मनावर घेऊ नको, ती माझ्या बेचकीलाही घाबरायची. ये लवकर.

मामा

पुणे, ८ ऑक्टोबर

ती. मामास सा. न.

घात झाला. तुमच्या दस्त्यावर गोळ्या कशा एका जागी बसत होत्या! दसऱ्याला घरी नेऊन आणली, तेव्हापासून सगळ्या पांगतायत. सर म्हणतात, जुनीचा नाद सोड. मी सोडणार नाही. रागावू नका, पण तुमचं लाकूड तर फुगलं नाही ना?

आरोही

मढ, १३ ऑक्टोबर

चि. आरोहीस आशीर्वाद.

रागावलोच. माझं लाकूड फुगत नाही! पण काल आळेफाट्यावर तुझे वडील भेटले. म्हणाले, दसऱ्याला तू आंघोळीला गेलीस तेव्हा ताईनं विळा-कोयत्याबरोबर तुझी रायफलपण पुजली, लई मनापासून. कुंकू, अक्षता, सगळं. दस्ता उघड आणि फटीत बघ. हिंमत सोडू नको.

मामा

पुणे, ९ नोव्हेंबर

ती. मामास शि. सा. न. वि. वि.

कुंकवात चिकटलेले तांदूळ नळीखाली अडकले होते. साफ केले आणि रोज सरावाला उभी राहिले. काल यादी लागली, संघात माझं नाव आहे!

आईला तांदळाचं सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. हात लावणार नाही म्हणणाऱ्या माझ्या आईनं रायफलीला कुंकू लावलं, हे वाचून मी रडले. पुढच्या दसऱ्यालाही तिला हव्या तेवढ्या अक्षता वाहू दे. मी काढत बसेन.

तुमची आरोही